चवीपुरतं

बुधवार. पहिली पाळी संपवून
अंबडहून सरळ गंगेवर गेलो, बाजारात.
खोबऱ्याच्या दोन वाट्या, गावठी लसूण काडीसकट,
आणि कोथिंबिरीची जुडी, मुळांना अजून चिखल असलेली.
कांदा घेतला नाही. नाशकात कांदा घरी असतोच,
भाव काहीही असो.

आईचं नाक गेलंय, चौदा महिने झाले.
तापात गेलं ते परत आलं नाही.
जीभही तशीच. गरम कळतं, गार कळतं,
झणका थोडा लागतो,
बाकी सगळं, ती म्हणते, ओल्या पुठ्ठ्यासारखं.
मधे एकदा दूध करपलं
आणि पलीकडून खैरनार काकू धावत आल्या
तेव्हा ही त्याच खोलीत मेथी निवडत बसलेली.
त्या दिवसापासून तिनं ओट्याकडे पाठ केली.

आज मात्र म्हणाली, पाटवड्यांचा रस्सा कर.
तू कर. मी बसते.
स्टूल ओढून दाराच्या चौकटीत बसली,
ना आत ना बाहेर.

मी सीएनसीवर असतो.
वीस मायक्रॉनचा फरक निघाला
तर माझा जॉब लाल पेटीत जातो.
म्हणून विचारलं, बेसन किती?
मावेल तेवढं.
आणि पाणी?
मागेल तेवढं.
मी मोबाइल पालथा ठेवला. हात धुतले.

कांदे आचेवर, सालासकट.
खोबरं तव्यावर.
तिचे डोळे मिटलेले, वाटलं पेंगतेय.
"परत आता."
परतलं. खालून नेमकं तांबूस.
"तुला कसं कळलं?"
"तेल सुटलं की खोबरं बोलायचं थांबतं."
इतकी वर्षं मी मशीनचा आवाज ऐकून
टूल बोथट झालं हे ओळखतो,
आणि या घरात मात्र
फक्त वास घेत जेवायला बसायचो.

फोडणीच्या पाण्यात बेसन सोडलं,
एका हातानं पीठ, एका हातानं लाटणं,
गुठळ्या झाल्याच.
"फोड त्या. रागानं नको."
घाटता घाटता रपरप जड झाली.
"आता झाकण."
ताटाला तेल लावलं, गोळा थापला,
बोटं भाजली ती तिला दाखवली नाहीत.
तिनं फुंकर ऐकली असणार.

काळा मसाला फडताळातल्या डब्यातला,
दोन उन्हाळ्यांपूर्वीचा.
दगडफूल, नागकेशर, सगळं तिनं
हुंगून हुंगून भाजलेलं,
तिच्या नाकानं केलेलं शेवटचं काम.
तळाशी तीन चमचे उरले असतील.
एक घेतला. मग त्यातला अर्धा परत टाकला.
"घाल सगळा," आई म्हणाली.
"डब्याला खाऊ घालायचाय का?"

रस्सा उकळला, कडेनं तर्री आली.
मी चाखलं, म्हटलं, बरोबर आहे.
"तुझं काय बरोबर. तुला सगळं बरोबरच लागतं.
पोरीला बोलाव."
स्वरदानं चमचा चाटला, विचार केला,
आजीच्याच बोलीत म्हणाली,
"मीठ कमी शे."

तेव्हा आई उठली.
चौदा महिन्यांनी डब्यात हात घातला,
तीन बोटांत मीठ धरलं, जरासं झटकलं,
उरलेलं रश्श्यात सोडलं.
न चाखता. चाखून उपयोग नव्हता.
स्वरदानं पुन्हा चमचा चाटला
आणि काही न बोलता वाटी पुढे केली.

कळण्याची भाकरी काकूंनी दिलेली.
आई चारीठाव जेवली म्हणावं असं काही झालं नाही.
अर्धी भाकरी, दोन वड्या.
"लागलं काही?"
"पुठ्ठाच," ती म्हणाली.
मग तिसरी वडी उचलून उजेडात धरली,
चारही बाजूंनी पाहिली,
मी तयार पार्ट पाहतो तशी.
"कडा मात्र नीट कापल्यास."

रात्री भांडी घासताना
ती रिकामा मसाल्याचा डबा पुसत होती,
आतून, कोरड्या फडक्यानं, बराच वेळ.
चैत्रात मिरच्या येतात बाजारात.
विचारलं नाही. सांगितलंही नाही तिनं.
डबा उपडा घातला, वाळायला.