पंख्याचं तेल

हळदोण्याच्या इगर्जीत तिसऱ्या बाकावरचा पंखा
दोन महिने कण्हत होता.
मिसाच्या आधी ये, म्हणाले होते फादर ओलाव.
पण डिचोलीची बस उशिरा,
आणि पाती उतरवेपर्यंत
बाकं भरली, घंटा झाली,
मी तसाच शिडीवर, पक्कड दातांत धरून,
छताच्या पालीसारखा.

उतरावं तर शिडी वाजणार.
म्हणून सगळं वरूनच पाहिलं :
विरळ भांग, पांढरे रुमाल,
एका पोराच्या मुठीतली गोटी.
वर कोणी बघत नव्हतं. बरंच होतं.

मग फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या.
तशी एस्पेरान्सबाय उठली,
काठी बाकाला टेकवली
आणि शिडीखाली येऊन हात वर केला.
माय, काळे आहेत हात, मी पुटपुटलो.
"म्हजे कितें गोरे?"
वाकलो. तिने धरलाच.

तिथून ते तेल निघालं.
तिच्या हातून शेजारच्या मास्तरांना,
मास्तरांकडून गोटीवाल्या पोराला,
पोराकडून पुढच्या बाकावर, क्लोतिल्दला,
जिच्याशी एका माडावरून
एस्पेरान्सबाय अकरा वर्षं बोलत नाही
(हे मला नंतर कळलं, घंटा वाजवणाऱ्याकडून).

मला वरून एवढंच दिसलं :
दोघींनी तळवे उलटेसुलटे करून पाहिले,
मग एकमेकींकडे.
हसल्या वगैरे नाहीत.
रुमाल होते, पण पुसलंही नाही कुणी.

पंखा फिरला. थोडा कण्हतो अजून.
पुढच्या रविवारी परत ये, म्हणाले फादर.
मिसाच्या आधी की मिसाला,
ते विचारायचं राहिलं.