प्रश्न क्रमांक २१४

सकाळी सात वीसची फेरी, रायबंदरहून चोडण.
रात्रपाळी उतरली की मी कठड्याशी बसते,
मांडीवर प्रश्नसंच, स्पायरल निखळलेला,
लवीनाकडून अर्ध्या किमतीत घेतलेला.
ती आता डब्लिनला.
जाण्याआधी तिनं सगळ्या खुणा खोडल्या,
पण पेन्सिल दाबून लिहायची सवय तिची,
पान तिरकं धरलं
की उन्हात तिच्या चुका दिसतात.

एका फेरीत आठ प्रश्न होतात.
मधे गाळात अडकली तर बारा.

आधी कोणाकडे जाल?
चार खाटा, चार माणसं, एकालाही नाव नाही.
वय चौपन्न, पुरुष, छातीत कळ.
वय तीस, बाळंतीण, टाके ओले.
संचातल्या पेशंटांना नातेवाईक नसतात,
डब्यातून पेज घेऊन कोणी येत नाही,
'बाय, तो पंखा मातसो हळू कर' म्हणत नाही कोणी.
आधी श्वास, मग रक्त, मग बाकीचं.
रडणं बाकीच्यात येतं.
'डॉक्टरांना कळवीन' हा पर्याय
बहुतेक वेळा चूक.
(वॉर्डातही. ते फोन उचलत नाहीत.)

२१४. पेशंट विचारतो, मी मरणार आहे का?
अ. असं काही बोलू नये.
ब. ते डॉक्टरांना विचारा.
क. तुम्हाला असं का वाटतंय?
ड. चला, बीपी बघू या.
उत्तर क.
लवीनानं अ केलं होतं,
कागदात रुतलंय अजून.

काल रात्री दोनला, अकरा नंबरची खाट.
सगुण काका, दिवाडीचे,
जन्मभर मानशीची दारं उघडली-लावली,
भरती-ओहोटी घड्याळाशिवाय सांगायचे.
मास्क बाजूला करून म्हणाले,
'फेरी आसा मगे अजून?'
मी म्हटलं, 'आसा. निमाणी उरल्या.'

शेवटची फेरी केव्हाच
दोरखंडाला लागली होती.
संचात याला खोटा दिलासा म्हणतात, गुण शून्य.
काकांनी मान हलवली,
चादरीखाली पावलं हलली
चपला चाचपल्यासारखी.
मी मास्क नाकावर परत बसवला,
ऑक्सिजन पाहिला, वेळ लिहिली.
पाच चाळीसला
पुन्हा वेळ लिहिली.

फेरीचा पत्रा धक्क्यावर आपटतो,
सगळ्या स्कूटर एकदम सुरू होतात,
पुतू ओरडतो, सिस्टर, उतर गो!
२१४ ला मी खूण करत नाही.
लवीनाच्या खळगीत
पेन्सिलीचं टोक नीट बसतं,
तेवढं बघते.

२१५. हजार मिली सलाइन, आठ तासांत,
एका मिलीला वीस थेंब.
मिनिटाला किती?
चढणीवर, पदेराच्या सायकलीला वाट देताना
मनात भागाकार केला.
बेचाळीस.
मागे उत्तर पाहिलं. बेचाळीसच.