दोन वाजून दहा

नदी धरली की आम्ही व्हॅन थेट बर्फावर घालायचो.
मागे टोर्निओ, पुढे हापारांडा,
मध्ये देशाची हद्द, जी फक्त नकाशात दिसे.
वाइक्को गाडी हाकायचा, मी फोनमध्ये आकडे म्हणायचो
मोडक्या स्वीडिशमध्ये, एकापासून,
आणि लुलेओच्या कचेरीत इंगेयेर्ड
शेवटचा ऐकू आलेला आकडा वहीत टिपायची.
एकेचाळीस. एकेचाळीस. एकदा अडतीस.
पुढे नुसती खरखर.

लहरींना कस्टमची चौकी दिसत नाही.
आमचा टॉवर त्यांच्या गोठ्यात बोलायचा,
त्यांचा आमच्या सौनात.
कोणता चॅनेल कुणाचा, काठावर किती हळू बोलायचं,
याचे कागद दोन्ही राजधान्यांत हेलपाटे घालत होते.
बिलाच्या एका रकान्यावरून
म्हणे कुणी जेवणाचं ताट सारून उठलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी
पलीकडच्या काठावर
माझ्या फोनवर त्यांच्या कंपनीचं नाव उमटलं.
वाइक्कोने ब्रेक दाबला. खाली बर्फ कुरकुरला.
"घेतलं रे घरात," तो म्हणाला.
इंगेयेर्डने केक धाडला, तो वाटेत दगड झाला,
आम्ही कुऱ्हाडीने वाटून खाल्ला.

आता निवृत्त. घर काठावरच.
पलंगाशी माझा फोन फिनलंडमध्ये असतो,
स्वयंपाकघराच्या खिडकीत स्वीडनमध्ये,
आणि तिथे घड्याळ एक तास मागे.
तो टॉवर बदलतो, तास बदलतो, मला न विचारता.
नातीला गंमत वाटते:
आजोबा परदेशी जाऊन दूध तापवून येतात.

नोव्हेंबरात वाइक्कोचा मिस्ड कॉल.
दोन वाजून दहा.
सकाळी त्याची मुलगी दारात, टोपी हातात.

कुठले दोन दहा?
इकडचे असतील, तर मी गाढ झोपेत होतो.
तिकडचे असतील, तर इकडे तीन वाजून गेले होते,
मी जागा होतो, शेगडीपाशी,
आणि खिडकीत, हातभर अंतरावर,
आवाज बंद केलेला फोन पालथा पडून
काचेशी उजेड सांडत होता.

कंपनीकडे नोंद असणार. सेकंदासकट.
ती ठेवायची कशी, हे आम्हीच तर ठरवलं होतं.
मी अजून विचारलेलं नाही.