पूल वर आहे

एकोणीस वर्षं मी पूल वर करते, पूल खाली घेते.
फ्रीसलंडच्या सपाट रानात, काचेच्या खोलीत बसून
लाल दिवा लावला की अख्खा रस्ता थांबतो:
सायकली, दुधाचा टँकर, शाळेची पोरं,
आणि गाडीतून मान बाहेर काढून
मला शिव्या घालणारा प्लंबर सीब्रन.
थांबवण्याचाच पगार मिळतो मला.

पळायचे बूट सापडले शेडमध्ये,
बाबांच्या स्केट्सना टेकून.
स्केट्सच्या पात्यांवर तेल ताजं. दर नोव्हेंबरला मीच लावते,
न जाणो, या वर्षी.
बर्फ काही येत नाही.
कालव्यावर नुसती साय धरते, दुधावर धरावी तशी,
आणि दुपारपर्यंत एखादं बदक ती मोडून जातं.
बाबा गेले त्या जानेवारीतही
पाणी पाणीच राहिलं.
म्हटलं, वाट बघत गुडघे गंजवण्यापेक्षा
काठाकाठानं पळू.

पहिल्या दिवशी चर्चपासून पवनचक्कीपर्यंत.
तेवढ्यात कुंपण धरून उभी,
बरगडीखाली कळ, तोंडात तांब्याची चव.
पलीकडून एक मेंढी
रवंथ थांबवून बघत होती.
सतराव्या वर्षी हे अंतर मी बोलता बोलता जायची.
मेंढीला हे सांगून काय उपयोग.

गोसे सत्त्याहत्तरचा. आयुष्यभर स्केटिंग शिकवलं,
आता बर्फाअभावी रिकामा.
त्यानं चौकटीच्या कागदावर अठरा आठवडे आखून दिले,
शेवटच्या चौकटीत लिहिलं: रॉटरडॅम.
वर एकच सूचना:
"वाऱ्याशी भांडू नकोस. तो इथला आहे."

तर हा इथला वारा
जाताना पोटात डोकं घालतो.
येताना पाठीवर हात ठेवील म्हणावं,
तर तोवर त्याचं मन फिरलेलं.
नखं काळी पडली, आधी डावं, मग त्याच्या शेजारचं.
बटाटे खाऊन उठते आणि पुन्हा बटाट्यांकडे बघते.
नीन्के फोनवर म्हणाली,
"आई, बेचाळीस किलोमीटर? बस जाते ना तिकडे."
नाडी बांधताना रोज सकाळी
मीही स्वतःला हेच विचारते.

मार्चमधला शनिवार, तीस किलोमीटरचा.
सव्विसाव्याला माझाच पूल.
आणि दिवा लाल.
रस्ता आभाळात उभा, डांबरावरची पांढरी रेघ
सरळ ढगात शिरलेली.
खालून वाळूची बार्ज. तिच्यापुढे गोगलगाय घाईत.
थांबले तर पोटऱ्यांत गोळे येणार,
म्हणून जागच्या जागी पळत राहिले, सीब्रनच्या गाडीशेजारी,
आणि तोंडातून त्याचीच शिवी निघाली,
शब्द न् शब्द, ऐकून ऐकून पाठ झालेली.
सीब्रननं काच खाली केली.
माझ्याकडे इतक्या आदरानं कोणी बघितलं नव्हतं.

मग खिडकीतून येल्लेचा हात.
गळाची काठी, काठीला दोरी, दोरीला तो लाकडी बूट,
ज्यात आम्ही बोटवाल्यांकडून टोल घ्यायचो.
कार्डं आल्यापासून खुंटीवर धूळ खात पडलेला.
झोके घेत घेत फाटकावरून माझ्यापर्यंत आला.
आत साखरेचे दोन खडे
आणि अर्धं केळं.

पूल खाली यायला सहा मिनिटं लागतात.
खिडकीपाशी येऊन भांडणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आले,
सहा मिनिटं म्हणजे काही फार नाहीत हो.
फार असतात.

फाटक उघडलं. सायकली आधी सुटल्या, नेहमीसारख्या.
त्यांच्यामागून मी, पाय लाकडाचे,
बोटांना त्या बुटाचा ओला वास.
पुलाच्या जाळीतून खाली पाणी दिसत होतं,
न गोठलेलं, हलतं.
त्याच्यावरून मी पलीकडे गेले.

केळं जरा जास्तच पिकलेलं होतं.