गव्हाचं आणि माझं

पावणेसहा. भांडुपला पाणी आलंय.
बादली भरेस्तोवर
मी सफरचंद कापतो – उभं नाही, आडवं,
म्हणजे मधोमध बियांची चांदणी निघते.
ती बाटलीच्या झाकणानं दाबून काढायची.
वर लिंबू चोळायचं, नाहीतर
छोट्या सुट्टीपर्यंत काळं पडतं
आणि शाल्मली डबा तसाच परत आणते.

दोन चकत्यांमध्ये दाण्याचं कूट, गूळ,
बोटभर तूप. हे आमचं सँडविच.
मार्चमध्ये रिपोर्ट आला,
तेव्हापासून घरात पाव नाही.
खालच्या बेकरीपाशी
मी अजून श्वास धरतो.
ती धरत नाही.

काल बाई सांगत होत्या,
कुणी पोळीचा रोल पुढे केला की म्हणते,
"गव्हाचं आणि माझं जमत नाही."
माझी आत्या जावेबद्दल बोलायची
अगदी तस्सं.
मग चकतीच्या भोकाला डोळा लावून
सगळा वर्ग बघून घेते,
आणि मागचा बाक, पुढचा बाक
हात पसरून मागतात
एकेक भोक.

आज तीन सफरचंदं कापली.
बादली कधीची भरून वाहतेय.