मेले होगरी

माझं माहेर कागलकडचं.
लग्नाला दोन महिने झालेले,
कन्नड तेव्हा बाजारापुरतंच यायचं:
किती, महाग, नको.
पहाटे साडेतीनला पंचायतीची रिक्षा
भोंगा लावून गल्लीतनं ओरडत गेली,
"नीरु बंतु! मेले होगरी!"
मी ताडकन उठून बसले.
कोण मेले? किती मेले?
शीतल म्हणाला, अगं, मेले म्हणजे वर.
वर जा म्हणतायत.
तोवर वेदगंगा उंबऱ्याला लागली होती.

शाळेच्या माडीवर पोचलो तेव्हा
माझ्या एका पायात चप्पल
आणि हातात, कशी कोण जाणे, घडीची विळी.
बारा दिवस साऱ्या माडीनं त्या विळीवर कांदे चिरले, हे खरं.
पण रेशनकार्ड, पासबुक, शेताचा उतारा,
घरी परतल्यावर सगळ्याचा एकच लगदा
ट्रंकेतून चमच्यानं खरवडून काढला.

तेव्हापासून दाराच्या खुंटीला एक पिशवी असते.
युरियाचं पोतं उलटं करून शिवलेलं,
आतून ट्यूबचं अस्तर, शीतलच्या पंक्चरच्या दुकानातलं,
पट्टे कुणाच्या तरी फाटक्या दप्तराचे.
काडेपेटी औषधाच्या बाटलीत, बुचावर मेण.
कागदांच्या झेरॉक्स धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत,
कडा इस्त्रीनं चिकटवायच्या.
मध्ये वर्तमानपत्र ठेवावं लागतं,
हे एक इस्त्री वाया घालवून शिकले.
जत्रेतली शिट्टी. बिस्किटांचे चार पुडे.
सन्मतीची चड्डी, जी दर मृगाला बदलते,
पोरगं वाढतं, पिशवी कुठं वाढते?
शेजारी तेलाचे सहा रिकामे डबे सुंभानं बांधून:
पूर आला तर तरंगतील,
नाही आला तर नळाला आहेतच.

शीतल आधी हसला.
एवढं पाणी काय रोज येतंय होय?
दुसऱ्या दिवशी बघते तर
शिवणीवर त्यानं गुपचूप सोल्युशन लावून
पट्टी मारलेली, सायकलला मारतात तशी.
समोरच्या काशव्वानं पिशवी हातात घेऊन तोलली,
"ननगू ओंदु होलिदु कोड्री."
मलाही एक शिवून द्या.
पैसे नव्हते, कडक भाकऱ्या दिल्या वीस,
महिना महिना टिकणाऱ्या, पापडागत मोडणाऱ्या.
मी त्या दोन्ही पिशव्यांत निम्म्या निम्म्या घातल्या.
आता गल्लीत अकरा खुंट्यांना अकरा पोती.

तीन वर्षं पाणी पुलाखालूनच गेलं.
बिस्किटांची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही.
अनंत चतुर्दशी झाली की मी पुडे फोडते,
अंगणात पोरं जमतात,
सन्मती बिस्किट चहात बुडवत विचारतो,
"आई, पूर कधी गं येणार?"
हात उगारला होता मी.
मग म्हटलं, चल, आत्ताच आला समज.

म्हणून हा खेळ.
मी शिट्टी मारते, ओरडते, "मेले होगरी!"
आणि दहा पोरं शाळेच्या जिन्यानं वर,
काशव्वाची लक्ष्मी शेळीसकट.
मी खाली उभी राहून मोजते.
आठ. नऊ.
नऊच.
पुन्हा मोजते, बोट दाखवून.
खेळच आहे, तरी पोटरीत गोळा येतो,
जिथं त्या रात्री पाणी पहिल्यांदा लागलं होतं, तिथंच.

सन्मती घराकडून येतो, धापा टाकत,
दोन्ही हातांत धरून आणतो घडीची विळी.
"आई, ही राहिली होती."

पातं ट्यूब फाडतं, म्हणून मी ती कधी घातली नव्हती.
रात्री ट्रंकेमागून ती एकटी चप्पल काढली,
तळवा कापला, उभा चिरला,
पात्यावर चढवून दोऱ्यानं आवळला.
बसली बरोबर.