तक्रार क्रमांक

रात्रपाळी सुटते सहाला.
हेडफोन काढला तरी कानाच्या पाळीवर
त्याचा वळ राहतो,
आणि आत नाशिकभरचा अंधार :
पाथर्डी फाट्याचा, मखमलाबादचा,
सिडकोतल्या त्या एका गल्लीचा, जिथली डीपी
महिन्यातून दोनदा जळते
आणि दोन्ही वेळा मीच जाळलेली असते.

लाईट कधी येणार?
मी म्हणते, माणूस निघालाय.
माणूस निघालेला असतो किंवा नसतो.
तक्रार क्रमांक लिहून घ्या, सर.
सर काय लिहून घेतात
ते मला ऐकू येतं.

चार महिने हे सगळं घेऊन
उशीवर डोकं टेकलं.
खांदे हळूहळू कानांना येऊन चिकटले.
ईशाननं दूध उतू घालवलं तेव्हा म्हणाले,
आपली तक्रार नोंदवली आहे.
तो हसला.
मला कळलंच नाही मी काय बोलले.

डॉक्टर कुलथे म्हणाले, अर्धी गोळी देता येईल,
पण आधी महिनाभर पळून बघा.
कुठे पळू? मी विचारलं.
त्यांनी गंभीरपणे सांगितलं, कृषीनगरला. ट्रॅक आहे.

तर आता स्कूटी थेट तिकडे.
पहिली फेरी माझी नसते, त्यांचीच असते.
पावलागणिक एकेक जण बोलून जातो,
काही जण दोनदा.
दुसरीत बरगडीखाली कळ येते,
आणि कळीला आवाज नसतो हे फार बरं.
तिसरीत उरतात पोटऱ्या, गार नाक,
डाव्या बुटाची सैल नाडी.
श्वास आत येतो, बाहेर जातो,
त्याला कसलीच चौकशी करायची नसते.

रोज होतं असं नाही.
गुरुवारी पाच फेऱ्या मारून बाकावर बसले
तर होते तशीच होते,
वर भूक लागलेली.

डिसेंबरात एकदा, तोंडातून वाफ येत असताना
मागून कुणी म्हणालं,
अहो मॅडम, ऐका,
नाडी सुटलीय तुमची.

चेहरे मी विसरते. आवाज नाही.
कामटवाडे, रात्री पावणेदोन.
आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय,
अहो मॅडम, ऐका,
अकरा वेळा ऐका, आणि बाराव्या वेळी
माझ्या सात पिढ्यांचा उद्धार.
मग तीन वाजून दहा मिनिटांनी लाईट आली
आणि त्याचा फोन थांबला.
लाईट आली म्हणूनच थांबला असणार,
असं मी दोन आठवडे धरून चालले होते.

मी वाकून नाडी बांधली.
पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.
छाती धडधडत होती,
आणि पळण्याची धडधड कोणती, भीतीची कोणती
हे छातीला कळत नसावं.
रात्री खुर्चीतही ती अशीच धावते,
फक्त तिथे तिला
जायला जागा नसते.

वर पाहिलं.
ऑफिसचे बूट, उधार वाटावा असा ट्रॅकसूट,
आणि कानटोपी मागे सरकली तिथे
नुकते उगवू लागलेले केस,
बोटाच्या पेराएवढेही नाहीत.

मी काही विचारलं नाही.
वेग कमी केला इतकंच.
तो शेजारी आला, धापत,
लाल मातीवर पाय आपटत,
पळायची सवय नसलेला माणूस पळतो तसा.

अर्ध्या फेरीनंतर म्हणाला,
काल पहिल्यांदा आलो. झोप लागेल म्हणाले.
किती दिवस लागतात हो
बरं वाटायला?

आणि माझ्या तोंडून, सवयीनं,
निघालाय, माणूस निघालाय.

त्याचे बूट क्षणभर थांबले.
मग पुन्हा वाजू लागले, माझ्या मागे,
मग बाजूला.
कोणीच काही बोललं नाही.
माझी नाडी पुन्हा सुटली होती.
ते त्यालाही दिसत होतं.